इदूना आणि आक्काची सफरचंदं

३ मार्च, सोमवार. सकाळ.

ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

आमच्या शाळेच्या लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा. शिपाई त्यावर कांबीनं मारायचा आणि तो आवाज येडशी स्टेशनच्या पार पलीकडं जायचा. मग सगळी शाळा एका सुरात कविता म्हणायला लागायची. आज इतक्या वर्षांनी जाग आली ती त्याच आवाजानं. डोळे उघडले तर परसात शेजारच्या गजराबाई खलबत्त्यात लसूण कुटत होत्या.

तरी खूण पटली. आतून कुणीतरी बोलावतंय. म्हणून आजपासून रोजनिशी, रोज फिरणं आणि एक खंडकाव्य.

विषयही आपण होऊन चालत आला. नात शिवांजली पुण्याला सातवीत आहे. काल व्हिडिओ कॉलवर तिनं शाळेसाठी काढलेलं चित्र दाखवलं. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात जुन्या लोकांची एक देवी होती, इडुन. तिच्याकडं एक लाकडी डबा, डब्यात सफरचंदं. तिथले देवसुद्धा आपल्यासारखेच म्हातारे व्हायचे. गुडघे धरले, केस पिकले, की इडुनकडं जायचे, एक सफरचंद खायचे, की पुन्हा तरुण. आपल्याकडं एवढ्यासाठी समुद्र घुसळावा लागला, वर भांडणं झाली. तिकडं नुसता डबा उघडायचा.

रात्रभर तेच डोक्यात. एकच अडचण होती. ‘इडुन’ हे नाव मला हव्या त्या वृत्तात बसेना. मग ‘इदूना’ केलं. लघु, गुरू, गुरू. थेट भुजंगप्रयात. देवीनंच नाव बदलून घेतलं असं वाटलं. पहिली ओळ चहाच्या आधी झाली:

इदूना तुझी ती फळांची करंडी

डब्याची करंडी झाली, पण कवीला तेवढी मोकळीक असते. शंभर श्लोक करायचे. गुढीपाडव्यापर्यंत सहज होतील.

४ मार्च, मंगळवार.

आज फिरणं नाही. आक्काला बघायला पाहुणे आले.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शांताक्का. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. संक्रांतीच्या आसपास सोनारीला, तिच्या घरी, ओट्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. धाराशिवला ऑपरेशन झालं, आत स्टीलचं काहीतरी बसवलं. डॉक्टर म्हणाले, खाली बसायचं नाही. सोनारीच्या घरात खाली बसण्याशिवाय सोय नाही. माझ्याकडं, मी रेल्वेतून रिटायर झाल्यावर रणधीरनं, म्हणजे माझ्या मुलानं, हौसेनं बसवून दिलेला कमोड आहे. कमोडमुळं आक्का इथं आली. तिच्या लग्नानंतर आम्ही दोघं भावंडं एका छपराखाली पहिल्यांदाच इतके दिवस राहतोय. घरात तिसरं कुणी नाही. हिला जाऊन, म्हणजे रणधीरच्या आईला जाऊन, आता बरीच वर्षं झाली. शेजारच्या गजराबाई दोन्ही वेळचा स्वयंपाक करून देतात आणि फुकट बोलतात.

आमच्या भावकीत आजारी माणसाला बघायला जाताना सफरचंदं न्यायची रीत आहे. एरवी सहा महिन्यांत कुणाच्या घरात सफरचंद दिसणार नाही. पण कुणी दवाखान्यात पडलं की घराघरातून पिशव्या निघतात. आज दोन पिशव्या आल्या. आक्काला दात नाहीत. उकडून, कुस्करून द्यायची असं तिची सून वर्षाराणी सांगून गेलीय. आक्काला तसं आवडतंही.

फळीवर त्या पिशव्या बघितल्या आणि इदूना आठवली.

५ मार्च, बुधवार.

दुसरी ओळ झाली:

जरेला म्हणावे पुढे जा पुढे जा

भिकाऱ्याला सांगावं तसं म्हातारपणाला सांगायचं. हे आजवर कुणाला सुचलं नसेल. स्वतःशीच चार वेळा म्हटली. आक्का खाटेवरून म्हणाली, कुणाला हाकलतोयस रं बलू, आत बोलव, भाकर शिल्लक हाय.

तिसरी ओळ अडली. कारण उघड आहे. ज्या फळावर लिहायचं ते मी त्या दृष्टीनं चाखलेलं नाही. म्हणून आक्काच्या पिशवीतलं एक घेतलं. परसात उभं राहून खाल्लं. आक्काला विचारायला हवं होतं, पण ती झोपली होती. झोपलेल्या पेशंटला उठवू नये.

संध्याकाळी स्टेशनच्या पुलाचा जिना चढलो. मध्ये एकदाच थांबलो, तेही सूर्यास्त बघायला.

८ मार्च, शनिवार.

फळांचा गुण येतोय. लिहून ठेवतो म्हणजे पुढं शंका नको. स्टेशनवर एका तरुण बाईंनी गाडीची वेळ विचारली आणि मला ‘काका’ म्हणाल्या. आजोबा नाही. काका. चौतीस वर्षं तिकिटाच्या खिडकीमागं बसलो, माणसं कुणाला काय म्हणतात ते मला चांगलं कळतं.

सकाळी एक, संध्याकाळी एक, असं चालू आहे. चाखणं संपलं, आता हा प्रयोग आहे.

घरी आलो तर आक्का म्हणाली, उन्हातनं आल्या आल्या पानी पिऊ नगं, बस जरा. मी बसलो. मग म्हणाली, आता पी. मी प्यालो.

११ मार्च, मंगळवार.

आज वाईट झालं. आक्का म्हणाली, बलू, ती पिशवीभर सफरचंदं हुती, कुठं गेली रं. मी म्हणालो, तू खाल्लीस की आक्का, संपली. ती म्हणाली, म्या? कवा? मी म्हणालो, काल, परवा, रोजच.

तिनं फळीकडं बघितलं. मग म्हणाली, लई इसराय लागलंय बग मला. आपल्या आईला बी शेवटी असंच झालतं.

जेवण गेलं नाही. दोन्ही वेळा भाकरी परत केली. गजराबाईंना वाटलं मीठ कमी पडलं.

संकल्प: उद्यापासून आक्काच्या फळांना हात लावायचा नाही.

१२ मार्च, बुधवार.

हात लावला. पण तोडगाही काढला. आक्काला सांगितलं की काल माझंच चुकलं, फळं तू नाही खाल्लीस, रामलिंगाच्या देवळाकडची माकडं गावात शिरलीत, त्यांनी नेली. बहिणीला विसराळू ठरवण्यापेक्षा माकडांना चोर ठरवण्यात पाप कमी. आक्काचा चेहरा लगेच खुलला. म्हणाली, मेली ती माकडं, म्हंजी माझं डोस्कं ठीक हाय म्हनायचं.

तिसरी ओळ अजून नाही.

१७ मार्च, सोमवार.

गजराबाई कालपासून परसात काठी घेऊन माकडांची वाट बघत होत्या. आज लिंबाखाली त्यांना साली सापडल्या. मला सोललेलं आवडतं. साल घेऊन आत आल्या आणि आक्काच्या देखत म्हणाल्या, काका, तुमच्या येडशीची माकडं लई शिकलेली दिसत्यात, चाकूनं सोलून खात्यात.

आक्का हसली. किती दिवसांनी हसली. मीही हसलो, पण माझं हसू लवकर संपलं.

१९ मार्च, बुधवार.

माकडांबद्दलसुद्धा मन खाऊ लागलं. मुक्या प्राण्यावर आळ घेतला. म्हणून रामलिंगाला गेलो, त्यांना फुटाणे टाकावेत म्हणून. वाटेत खायला एक सफरचंद खिशात होतं. देवळाच्या पायऱ्यांवर एका थोराड वानरानं येऊन माझा खिसाच ओढला, सफरचंद काढलं आणि समोर बसून सालीसकट खाल्लं. फुटाण्यांकडं बघितलंही नाही.

फिटलं. आता मी आणि माकडं बरोबरीत.

२१ मार्च, शुक्रवार.

नवीनच अडचण. पाहुणे कमी झालेत.

कारण आक्का चालायला लागलीय. वॉकर सोडून काठीवर आली. परवा परांड्याची माणसं आली तर ही दारात उभी राहून म्हणाली, या, च्या घेता का. त्यांनी पिशवीतली सफरचंदं अर्धी ठेवली आणि अर्धी परत नेली. म्हणाले, वाटेत आणखी एक पेशंट हाय.

फळीवर आता बिस्किटांचे पुडे तेवढे आहेत. इदूनेच्या गोष्टीतही असंच होतं. एक राक्षस तिला पळवून नेतो आणि सगळे देव एकदम वाकतात, त्यांचे केस पांढरे होतात. आज जिन्यात दोनदा थांबलो. दोन्ही वेळा सूर्यास्त नव्हता.

आक्काला समजावलं, पाहुण्यांसमोर पडून राहत जा, उभं राहिलेलं बरं दिसत नाही. ती म्हणाली, पडलेलं बरं दिसतं व्हय रं?

२२ मार्च, शनिवार.

मुरुमहून बंडप्पाचा फोन. हा आमचा आतेभाऊ. आडतीचं दुकान आणि तोंड, दोन्ही दिवसभर चालू. आक्का कशी आहे विचारलं. मी म्हणालो, थोडी अशक्त आहे.

यात खोटं काही नाही. या वयात अशक्त कोण नसतं? मीही अशक्तच आहे. बंडप्पानं आवाज बारीक केला आणि विचारलं, म्हंजी कितपत अशक्त? मी म्हणालो, आता काय सांगायचं. यातही खोटं नाही. मला खरोखरच काय सांगावं ते सुचत नव्हतं.

२५ मार्च, मंगळवार.

धाराशिवला डॉक्टरांकडं आक्काला घेऊन गेलो. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, आजी एकदम फिट. खाली बसू नका, जिना टाळा, आता घरी जायला हरकत नाही. हे त्यांनी आक्काच्या डाव्या बाजूनं सांगितलं. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं, काय म्हनला डाक्टर?

मी म्हणालो, अजून महिनाभर आराम.

हे मी का म्हणालो ते मला रिक्षातही कळलं नाही आणि आत्ता लिहितानाही कळत नाही. फळांसाठी एवढं कोण करेल? त्या सोनारीच्या रस्त्याची काळजी असणार. तो रस्ता फार खराब आहे. निदान पूर्वी होता.

आक्का म्हणाली, महिनाभर? मग यात्रा?

चैत्रात सोनारीला काळभैरवाची यात्रा असते. त्या दिवशी आक्काच्या चारही लेकी, नातसुना, पतवंडं घरी येतात. लग्न झाल्यापासून तिची एकही यात्रा चुकलेली नाही. मी म्हणालो, बघू. घरी आल्यावर समजलं की तिनं सकाळीच आपलं बोचकं बांधून ठेवलं होतं. तिनं ते सोडलं आणि एकेक लुगडं परत ट्रंकेत ठेवलं. मी समोर बसून चौथ्यांदा तोच पेपर वाचला.

२७ मार्च, गुरुवार.

धनाजीचा, म्हणजे आक्काच्या मुलाचा, फोन. मामा, हितं कमोड बसवलाय आईसाठी, टाईल्स बी लावल्या, कवा आनू तिला? मी म्हणालो, महिनाभर थांब. तो म्हणाला, डाक्टर म्हनले? मी म्हणालो, हो. तो म्हणाला, बरं, तुमी म्हनता म्हंजी तसंच असंल.

शेवटचं वाक्य टोचलं. शंका घेतली असती तर बरं वाटलं असतं.

बंडप्पाची दोन माणसं सफरचंदं घेऊन आली. मोठी, लालभडक, प्रत्येकाला जाळीचा सदरा. उद्या डॉक्टरांची गोष्ट आक्काला खरी सांगायची. आज तिचं डोकं दुखत होतं.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.

गुढी मी उभारली, आक्कानं खाटेवरून हुकूम सोडले. डावीकडं कलली, उजवीकडं घे, लहानपणापासून तुझं असंच. कडुलिंबाची चटणी मी तोंड वाकडं करून टाळत होतो, तर तिनं बोटानं जिभेवर ठेवली. दुपारी म्हणाली, केस कसं उभं ऱ्हायल्यात, हितं बस. खाटेपाशी खाली बसवून डोक्याला तेल लावलं. मला शाळेतल्या कविता म्हणायला लावल्या. मी म्हणत गेलो. एकही अडली नाही. पाठ केलेलं सगळं जसंच्या तसं आत होतं, चालसुद्धा. ती मध्येच झोपली, तरी तिचा हात डोक्यावरच होता, म्हणून मी उठलो नाही.

आज वय दहा वाटत होतं. सफरचंद खायचंही राहून गेलं. आधीच्या फळांचा साठा शरीरात असणार.

शंभर श्लोक पुरे झाले, असं लिहायचं होतं आज. दोन ओळी झाल्यात. डॉक्टरांची गोष्ट सणाच्या दिवशी नको.

४ एप्रिल, शुक्रवार.

आक्कानं विचारलं, बलू, यात्रेला किती दिस ऱ्हायलं? मी म्हणालो, पुष्कळ. तिनं बोटांवर मोजून बघितलं आणि कूस बदलली. गजराबाईंनी नंतर मला चुलीपाशी गाठून सांगितलं की म्हातारी भिंतीकडं तोंड करून रडत हुती. म्हणाल्या, काका, त्या डाक्टरला जरा बोला की तुमी, तुमी शिकलेले.

बोलतो म्हणालो.

९ एप्रिल, बुधवार.

हे कसं झालं ते समजत नाही. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बंडप्पानं टाकलं: शांताक्का सिरियस. खाली हात जोडलेली चित्रं. मी ताबडतोब लिहायला घेतलं की तसं काही नाही. पण मग कसं आहे ते लिहावं लागलं असतं. म्हणून पुसून टाकलं. पुसलं की ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ असं येतं हे मला माहीत नव्हतं. त्याच्या खालीही लोकांनी हात जोडले.

१२ एप्रिल, शनिवार. दुपार.

जसं झालं तसं लिहितो.

दहाच्या सुमाराला दारात जीप थांबली. मुरुमची माणसं. बायका उतरल्या त्याच तोंडाला पदर लावून. बंडप्पाची बायको मल्लम्मा सगळ्यात पुढं. तिनं उंबऱ्यातच हंबरडा फोडला, आक्का, आमाला सोडून चाललीस का गं.

आक्का ओसरीवर खुर्चीत बसून शेंगा फोडत होती. तिनं सुपातून मान वर केली आणि विचारलं, कुठं?

मल्लम्मा रडता रडता थांबली, पण एकदम थांबता येईना म्हणून उचक्या देत राहिली. बंडप्पा माझ्याकडं बघत होता. मी सुपाकडं बघत होतो. कुणाच्याही हातात सफरचंदं नव्हती. शेवटच्या भेटीला फळं नेत नाहीत, हे मला आज कळलं.

तेवढ्यात मोटरसायकलवर धनाजी आणि वर्षाराणी पोचले. ग्रुप त्यांनीही वाचला होता. सोनारीहून तसेच निघाले होते. धनाजीच्या एका पायात चप्पल होती, एका पायात बूट. आईला बघून तो खालीच बसला. वर्षाराणीनं मात्र तिथल्या तिथं डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर. डॉक्टर म्हणाले, आजींना मी गेल्याच महिन्यात घरी सोडायला सांगितलंय, मामांना विचारा.

सगळे मामांकडं बघू लागले.

त्या वेळी मी खरं सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण आक्का मध्येच म्हणाली, त्येला काय बोलू नगा. म्याच म्हनलं हुतं, ऱ्हाऊ दे चार दिस, भावाचं घर हाय. म्याच म्हनलं डाक्टरचं नाव सांग.

ती माझ्याकडं न बघता शेंगा फोडत होती. वर्षाराणी म्हणाली, आत्या, असं होय, आम्हांला सांगायचं तरी. आक्का म्हणाली, आता सांगितलं की.

शेवटच्या दर्शनाला आलेल्या जीपमध्येच आक्काला बसवलं. उगाच सोनारीपर्यंत वळसा पडतोय म्हणून बंडप्पा कुरकुरला, तर मल्लम्मा त्याला म्हणाली, लाकडं आनायला गेलाच असतास की. मल्लम्मानं तिला मांडीवर टेकायला घेतलं. गाडी सुटताना आक्कानं खिडकीतून सांगितलं, बलू, येळेवर जेव, आन् यात्रेला ये.

गाडी सुटली. सुपातल्या शेंगा अर्ध्या राहिल्यात.

१३ एप्रिल, रविवार.

घर स्वच्छ झालं. शांतता आहे. कवितेला असंच वातावरण लागतं.

तिसरी ओळ नाही. सुपातल्या शेंगांना हात लावायला गजराबाईंना मनाई केली. का, विचारलं. म्हणालो, असू द्या.

१५ एप्रिल, मंगळवार.

फळांचा स्वतःच बंदोबस्त केला. बाजारातून चांगली पाहून आणली. रोज दोन खातोय. गुण नाही. आज पुलाच्या जिन्यावर एका मुलीनं माझा हात धरला आणि म्हणाली, आजोबा, सांभाळून. उतरेपर्यंत सोडला नाही.

बाजारातल्या फळांवर मेण लावतात, असं पेपरात आलं होतं. तेच असणार. नाहीतर आक्काच्या पिशवीतल्या फळांनी काम केलं आणि ह्यांनी केलं नाही, असं कसं होईल? झाडं तीच, गाडी तीच, दुकानसुद्धा बहुधा तेच.

उन्हातून आलो आणि आल्या आल्या पाणी प्यालो. ठसका लागला.

१८ एप्रिल, शुक्रवार.

वर्षाराणीचा फोन. मामा, सोमवारी यात्रेचा मोठा दिवस, आत्या सकाळपासून विचारतायत, बलू कधी येणार. मागून आक्काचा आवाज येत होता, त्येला म्हनावं सदरा इस्त्रीचा घालून ये.

जायचं ठरवलं. सदरा इस्त्रीला दिला. तिथं आक्काला बाजूला घेऊन सगळं सांगायचं. डॉक्टरांचं, सफरचंदांचं, तिच्या रडण्याचं. माफी मागायची. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही, पण सुरुवात कुणीतरी करायला हवी.

२० एप्रिल, रविवार.

सदरा आला. घालून आरशात बघितलं. छान दिसतो.

मग विचार केला. यात्रेला अख्खी भावकी असणार. मुरुमची जीप असणार. मल्लम्मा असणार. सगळ्यांच्या पुढ्यात पंगतीला बसायचं आणि प्रत्येक जण विचारणार, मामा, डाक्टर काय म्हनले? आक्कानं माझ्यासाठी त्या दिवशी खोटं सांगितलं. तिच्या दारात उभं राहून ते खोटं पुन्हा नेसायचं, हे मला जमणार नाही.

म्हणून वर्षाराणीला फोन केला की मला ताप आहे. ती म्हणाली, किती आहे? मी म्हणालो, आता काय सांगायचं. लगेच लक्षात आलं की हे मी मागंही म्हणालो होतो. पण तोवर फोन ठेवला होता.

शांत वाटायला हवं होतं. वाटत नाही. मुद्दाम कपाळाला हात लावून बघितला. थंड आहे.

२१ एप्रिल, सोमवार. यात्रेचा दिवस.

दुपारचा एक. बाहेर ऊन मी म्हणतंय. ‘मी’ लिहिताना उगाच पेन अडलं.

या क्षणी सोनारीत पालखीपुढं ढोल वाजत असतील. आक्काच्या घरी चारही लेकी आल्या असतील. आक्का नव्या टाईल्सवर खुर्ची टाकून पुरणाचा अंदाज घेत असेल, कुणाची पोळी फाटली ते लांबूनच सांगत असेल. तिची यात्रा चुकली नाही. एवढं तरी नीट झालं. मी जे काही केलं असेल नसेल, शेवट गोड झाला, असं म्हणायला हरकत नाही. गेल्या दीड महिन्यात आज पहिल्यांदा मन जरा हलकं आहे. दुपारी भात जास्त खाल्ला. तिसरी ओळसुद्धा येऊ घातलीय. पहिले तीन गण तयार झालेत. फक्त शेवटचा

दारात गाडी थांबली. बघून येतो.

खिडकीतून बघितलं. धनाजीची नाही, कुणाची तरी मागून आणलेली जुनी कार आहे. पुढच्या दारातून वर्षाराणी उतरली, हातात डबा. मागच्या दारातून आधी काठी बाहेर आली. मग एक पाय. मग आक्का.

नवं लुगडं आहे. कपाळाला भंडारा आहे. यात्रा तशीच सोडून आलेली दिसतेय. बार्शीवरून, भर उन्हात, यात्रेच्या दिवशी. अंगणात थांबून दम खातेय आणि आतल्या बाजूला बघून हाका मारतेय, बलू, किती ताप हाय रं? कोन हाय का घरात तुझ्याजवळ?

गजराबाई तिला सांगतायत की काका मघाशी पुलावर फिरून आले. तिला ऐकू जात नाहीये. डावी बाजू आहे.

काठी उंबऱ्याला लागली. इस्त्रीचा सदरा अंगात आहे. तो काढायला हवा. गोधडी कुठं ठेवलीय ते आठवत नाही.